आळंदचा बाजार आणि महाविद्यालयातील रोजगार मेळावा

महाविद्यालयांचे वर्ष सरत आले की हल्ली जागोजाग रोजगार मेळावे भरू लागतात. बिदर, कलबुर्गी, बसवकल्याण, सीमेपलीकडे लातूर अशा ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात मांडव पडतो, कंपन्यांची व संस्थांची माणसे टेबले मांडून बसतात, आणि सकाळच्या पहिल्या बसने आलेली मुले-मुली हातातील फाईल सावरीत एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातात. सायंकाळी घरी परतलेल्या मुलाला विचारावे, तर उत्तर बहुधा एकच मिळते : "कागद देऊन आलो. कळवतो म्हणाले." काहींना पुढे कळविले जाते, पुष्कळांना जात नाही. मग मेळावा म्हणजे एक देखावा, असा ग्रह होऊन बसतो, आणि हुलसूरसारख्या सीमेवरच्या गावातून पुढल्या वर्षी जाणाऱ्यांची संख्या आणखी घटते.

श्रोतेहो, हा ग्रह बरोबर आहे की चूक, हे ठरविण्यापूर्वी मेळावा ही वस्तू मुळात आहे तरी काय, याचा विचार करणे उपयुक्त होईल. आपल्या या भागाला मेळावे नवे नाहीत. नोकरीच्या शोधात माणसांनी दूरदूरहून यावे, ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. त्या इतिहासात थोडे डोकावले, तर आजच्या मांडवात कसे वागावे याचाही काही बोध होतो.

बसवकल्याणहून नैर्ऋत्येस गेले की कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे गाव लागते. ज्ञानेश्वरांची आळंदी ती निराळी; हे आळंद म्हणजे शेख अलाउद्दीन अन्सारी ऊर्फ लाडले मशायख यांच्या दर्ग्याचे गाव. इ. स. १४७० च्या सुमारास बहामनी राज्याची राजधानी बिदर असताना या शेखांच्या स्मरणार्थ आळंदला वर्षातून एकदा दहा दिवसांचा मोठा बाजार भरत असे. साऱ्या मुलखातून व्यापारी तेथे येत, आणि विकावयास आलेल्या घोड्यांची संख्या वीस हजारांपर्यंत जाई, असे एका परदेशी प्रवाशाने लिहून ठेविले आहे. संख्येत थोडी अतिशयोक्ती धरली, तरी आपल्या उंबरठ्याशी भरणारा हा बाजार दख्खनमधील अग्रगण्य बाजारांपैकी होता यात शंका राहत नाही.

हे लिहिणारा प्रवासी म्हणजे रशियातील त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितिन. याच्याच प्रवासावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ साली 'परदेसी' हा चित्रपट काढला होता. निकितिन होर्मुझच्या बंदरातून एक घोडा बरोबर घेऊन निघाला, चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. तो एक घोडा हिंदुस्थानात आणण्यासाठी त्याला शंभर रूबल खर्च आला होता. जुन्नरला तेथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, अशी अट घातली. खुरासानच्या एका वजनदार गृहस्थाने रदबदली केली, म्हणून घोडा सुटला. पुढे वर्षभर दाणावैरण घालून, अखेर नाताळच्या सुमारास निकितिनने तो बिदरला विकला.

घोडा गेला, परंतु त्याच्या मनासारखा व्यापार काही झाला नाही. हिंदुस्थानात आपल्या देशात खपण्याजोगा माल मुबलक मिळतो, असे वाटेत भेटलेल्या लोकांनी त्याला सांगितले होते. येथे येऊन पाहतो तो त्याच्या उपयोगाचे फारसे काहीच नाही. मिरी आणि रंग स्वस्त होते खरे, पण जकात जबर आणि समुद्रात चाच्यांचे भय. ऐकीव माहितीवर विसंबून तो हजारो कोस आला होता, आणि तिची शहानिशा करण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. परतीच्या वाटेवर, आपले गाव गाठण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला. मागे राहिल्या त्या केवळ त्याच्या वह्या. काय पाहिले, काय भावाने विकले जाते, कोठून कोठे किती दिवसांचा रस्ता आहे, हे तो टिपून ठेवीत गेला होता. म्हणून पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावरही आळंदच्या बाजाराविषयी आपण बोलू शकतो.

निकितिनच्या या हकीगतीत मेळाव्याचे सगळे गुणदोष सापडतात. बाजार मोठा असला म्हणजे आपला माल खपतोच असे नाही. ऐकीव बातमी पुरत नाही. ओळखीचा शब्द अडलेले काम सोडवितो. आणि जो टिपून ठेवतो, त्याची फेरी अगदीच वाया जात नाही.

यातील ओळखीच्या शब्दाचा विचार जरा अधिक केला पाहिजे. आपल्याकडचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला असेल, उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जे देवणी बैल घ्यावयास गेले असतील, त्यांना रुमालाखालचा सौदा ठाऊक असेल. जुन्या चालीचे दलाल भाव तोंडाने बोलत नसत. घेणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जात, आणि बोटे दाबून किंमत ठरे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी बैल कितीला गेला, हे त्या दोघांवाचून कोणास कळत नसे. ज्याला दलाल ओळखीचा त्याचे काम होई. नवख्याने दात पाहावेत, शिंगे पाहावीत आणि घरी जावे.

नोकरीचा व्यवहारही शतकानुशतके असाच रुमालाखाली चालत आला. 'नोकर' हा शब्द मुळात मंगोल भाषेतील. तेथे त्याचा अर्थ साथीदार, सरदाराच्या पाठीशी राहणारा माणूस, असा होता. यावरूनच दिसते की नोकरी म्हणजे आधी माणसाचे माणसाशी नाते, आणि काम त्याच्या मागून. बिदरच्या दरबारात हेच घडत होते. महमूद गवान हा इराणातील गीलान प्रांताचा. १४५३ च्या सुमारास व्यापाराच्या निमित्ताने तो दाभोळला उतरला, बिदरला आला, दरबारात त्याचा प्रवेश झाला, आणि कर्तृत्वाच्या बळावर तो राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने बांधून पुरा केलेला मदरसा आजही भग्नावस्थेत उभा आहे. कर्तबगार माणसाला परमुलखातही स्थान मिळू शकते, याचे हे उदाहरण होय.

परंतु त्याच दरबारात दुसरा एक झगडा धुमसत होता. समुद्रापलीकडून आलेले ते आफाकी, आणि येथे रुळलेले ते दख्खनी. मोठमोठ्या जागा कोणाच्या वाट्याला याव्यात, यावरून या दोन पक्षांत रक्तपात होत असे. गवान याच झगड्याचा बळी ठरला. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला फितवून विरोधकांनी एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचा मजकूर लिहिला, आणि १४८१ साली सुलतानाने वजिराचा शिरच्छेद करविला. कोऱ्या कागदावरील सहीशिक्का किती घातक ठरू शकतो, हे बिदर जिल्ह्यातील मुलांना दुसरीकडून शिकावे लागू नये.

पुढे मराठ्यांच्या काळात लष्करी नोकरीचे दोन प्रकार रूढ होते. शिलेदार हा स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई, आणि त्या मानाने त्याला वेतन अधिक मिळे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळत असे. शिवाजी महाराजांनी पागेच्या बारगिरांवर विशेष भर दिला, कारण त्यांच्यावर सरकारची शिस्त चाले. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले. आजच्या मेळाव्यालाही हा भेद लागू पडतो. नळजोडणी, वीजकाम, हिशेबाची संगणक-प्रणाली, रुग्णसेवा, दोन भाषांतून लेखन असे एखादे काम ज्याच्या हाताला खरोखर येते, तो शिलेदार. ज्याच्याजवळ केवळ पदवी आहे, त्याला काम शिकविण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्याने बारगिराच्या वेतनावर प्रारंभ करण्यास कमीपणा मानू नये. मात्र आपण दोहोंपैकी कोण आहोत हे मांडवात शिरण्यापूर्वी स्वतःशी ठरवावे.

निजामी राजवटीत रुमालाची जागा भाषेने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानचा सरकारी कारभार फारसीतून उर्दूत आला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथे वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे नाकारता येत नाही. परंतु मराठी, कन्नड आणि तेलुगू ही ज्यांची घरची भाषा, त्या बहुसंख्य प्रजेला सरकारी नोकरीची वाट परक्या भाषेतून काढावी लागे. १९१९ च्या फर्मानाने मुल्की नियम लागू झाले. संस्थानातील रहिवासी तो मुल्की, बाहेरचा तो गैरमुल्की, आणि नोकरीत मुल्कीला अग्रक्रम. नियम स्थानिकांच्या हिताचा होता. तथापि खेड्यातील कुणब्याच्या किंवा चर्मकाराच्या मुलापर्यंत जागा रिकामी असल्याची बातमीच पोहोचत नसे. अग्रक्रम कागदावर राहून बातमी शहरात राहिली, तर त्या अग्रक्रमाचा लाभ शहरालाच मिळतो.

येथून आपल्या विषयाचा आधुनिक भाग सुरू होतो. तरुणांना काम निवडण्यास पद्धतशीर साहाय्य करावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रुजली. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ साली बोस्टन शहरात असे एक कार्यालय उघडले. त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्याच्या विचाराचे सार तीन गोष्टींत सांगता येते. माणसाने प्रथम आपला कल, आपली शक्ती आणि आपल्या मर्यादा ओळखाव्यात. नंतर निरनिराळ्या व्यवसायांत काय लागते आणि काय मिळते याची माहिती घ्यावी. आणि मग या दोहोंचा मेळ घालावा. आज यात नवे काही वाटणार नाही. परंतु बापाचा धंदा मुलाने करावा असा जेथे दंडक होता, त्या जगात हा विचार क्रांतिकारकच होता. आपल्याकडे मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले, आणि १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही शाळांतून असे मार्गदर्शन मिळाले पाहिजे असा आग्रह धरला.

दुसरा ओघ महायुद्धातून आला. लढाई संपून लक्षावधी सैनिक घरी परतणार, त्यांना काम कोठे द्यावयाचे, या चिंतेतून १९४५ साली हिंदुस्थान सरकारने पुनर्वसन आणि रोजगार यांचे खाते उभारले, आणि रोजगार विनिमय केंद्रे निघाली. प्रथम ती सैनिकांसाठी होती. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि मग सर्वांसाठी खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या केंद्रांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला. हीच तारीख आमच्या हुलसूरच्या इतिहासातही कायमची कोरलेली आहे. त्याच दिवशी हैदराबाद राज्याची विभागणी झाली; जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, कल्याणी हा भाग म्हैसूर राज्यात आला. एका बाजूने नोकरीची खिडकी राज्याच्या हाती आली, आणि त्याच दिवशी आमच्यापुरते राज्यही बदलले व कारभाराची भाषाही. उर्दूशी ज्यांच्या वडिलांनी झुंज दिली होती, त्या मुलांपुढे आता कन्नड उभी राहिली.

योगायोग येथेच संपत नाही. मालकांनी रिकाम्या जागांची माहिती या केंद्रांना कळविलीच पाहिजे, असा कायदा १९५९ साली संसदेने केला, आणि तो १ मे १९६० पासून अंमलात आला. महाराष्ट्र राज्य जन्मास आले तो हाच दिवस. सरकारी आस्थापना आणि पंचवीस वा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापना यांना हा कायदा लागू करण्यात आला. भावाची बोटे रुमालाखालून बाहेर काढण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. मात्र त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मालकाने जागा कळवावी एवढेच बंधन होते. केंद्राने पाठविलेल्या उमेदवारांतूनच माणूस घ्यावा असे बंधन नव्हते. कायद्याने बातमी दिली, नोकरी दिली नाही. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केंद्राकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रांतूनही जागा जाहीर कराव्यात, म्हणजे सर्वांना समान संधी मिळेल. २०१५ च्या जुलैत केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाली, आणि नोंदणीची खिडकी भ्रमणध्वनीवर आली. २०२४ च्या फेब्रुवारीत तर बेंगळुरूला कर्नाटक सरकारचा राज्यस्तरीय मेळावा आणि लातूरला महाराष्ट्र सरकारचा विभागीय मेळावा असे दोन्ही एकाच महिन्यात भरले. सीमेवरच्या तरुणाला दोन्ही बाजूंनी निमंत्रण होते.

हा सारा प्रवास पाहिला, म्हणजे आजचा मेळावा काय आहे हे स्पष्ट होते. तो नोकऱ्या वाटण्याचा मांडव नव्हे. पूर्वी दोन हातांत झाकलेली बातमी एका दिवसापुरती उघड्यावर येते, आणि ती विचारण्याचा अधिकार हुलसूरच्या शेतमजुराच्या मुलीलाही मोठ्या शहरातल्या मुलाइतकाच मिळतो, हे त्याचे खरे मोल. जो केवळ कागद देऊन परततो, तो आळंदला जाऊन, घोडा दावणीला बांधून, भाव न विचारताच घरी आल्यासारखा आहे.

तेव्हा विचारावयाचे काय? बैल घेताना आपला शेतकरी जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी मुलाने स्वतःच्या आयुष्याच्या बाबतीत केली पाहिजे. शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो, कोणत्या गावचा ते विचारतो. मुलाने विचारावे : काम नेमके कोणते आणि कोणत्या गावी? जागा कायमची आहे, कंत्राटाची आहे, की १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील आहे? हाती पडणारी रक्कम किती, आणि राहण्याजेवण्याचा खर्च वजा जाता उरते किती? भविष्य निर्वाह निधी कापतात काय? किती वर्षे सोडता येणार नाही, असा करार आहे काय? मुलींनी राहण्याची व्यवस्था आणि पाळीच्या वेळा निःसंकोच विचाराव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मागील वर्षी या भागातून कोणी घेतले होते काय, हेही विचारावे; त्या एका उत्तरावरून पुष्कळ गोष्टी उमगतात. मिळालेली उत्तरे, बोलणाऱ्याचे नाव व हुद्दा, आणि पुन्हा केव्हा विचारावे ती तारीख, हे निकितिनप्रमाणे तेथल्या तेथे वहीत टिपावे. चार दिवसांनी त्या वहीच्या आधारे पत्र किंवा फोन करावा. 'कळवतो' म्हणणाऱ्याला आपण होऊन आठवण देणाऱ्या उमेदवारांची संख्या नेहमीच थोडी असते.

जाण्यापूर्वीही थोडी तयारी हवी. कोणकोणत्या संस्था येणार याची यादी महाविद्यालयात बहुधा आधी लागते. तिच्यातील पाच-सहा नावे निवडून त्यांच्याविषयी वाचून जावे. पन्नास टेबलांना पाठ दाखविण्यापेक्षा पाच ठिकाणी तोंड उघडणे बरे. आपली माहिती एका पानात, खरी आणि नीटनेटकी लिहावी. प्रमाणपत्रांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो कोणत्याही मांडवात बसलेला असला तरी रुमालाखालचाच दलाल समजावा. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करण्याचा प्रसंग आला, तर महमूद गवानाचे स्मरण करावे.

टेबले निवडताना एक जुना अहंकार आडवा येतो. खुर्चीवरच्या कामाच्या टेबलाशी झुंबड उडते, आणि यंत्रावरच्या किंवा औषधाच्या कारखान्यातील कामाच्या टेबलाशी कोणी फिरकत नाही. ज्या कल्याणच्या परिसरात आपण राहतो, तेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकाचा विचार मांडला. प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम हीच उपासना, असा त्याचा अर्थ. त्यांच्या सोबतच्या शरणांची नावेच पाहा : मडिवाळ माचिदेव हे परीट, अंबिगर चौडय्या हे नावाडी, नुलिय चंदय्या हे दोर वळणारे. धंद्याचे नाव त्यांनी लपविले नाही, आपल्या नावापुढे लावून मिरविले. त्या भूमीतल्या पदवीधराने हाताच्या कामाकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा, भाषेचा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला बिदर किंवा कलबुर्गीच्या मेळाव्यात कन्नड ऐकून धाकधूक वाटते, आणि लातूरला गेल्यास तेथे तो परराज्याचा ठरतो. दोन्हीकडून आपण उपरे, ही भावना फार लवकर मनात घर करते. तिला इतिहासाचे उत्तर असे आहे. या प्रदेशात 'येथला कोण?' हा प्रश्न तीनदा विचारला गेला. बहामनी काळात दख्खनी आणि आफाकी म्हणून, निजामी काळात मुल्की आणि गैरमुल्की म्हणून, आणि आपल्या काळात राज्यघटनेच्या ३७१ (जे) या कलमाने. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार जुन्या हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातील रहिवाशांना शिक्षणात आणि राज्याच्या नोकऱ्यांत राखीव वाटा मिळतो. या कलमाची कसोटी जन्माची व वास्तव्याची आहे, मातृभाषेची नाही. हुलसूरच्या मराठी मुलाचा त्यावर कन्नड मुलाइतकाच हक्क आहे. ज्याच्याजवळ त्याचे प्रमाणपत्र नाही, त्याने ते उपविभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून मेळाव्याची वाट न पाहता काढून ठेवावे. शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्यांचे हक्क मुदतीत बुडतात.

हक्क असला म्हणजे भाषा शिकण्यातून सुटका होते असे मात्र नाही. राज्याच्या नोकरीला कन्नड हवेच, आणि ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा येणे हे शहाणपणाचेही आहे. मराठी घरात, कन्नड बाजारात आणि दखनी-हिंदी रस्त्यावर, अशा तीन भाषा कानी घेऊन आमची मुले वाढतात. दुसऱ्या ठिकाणच्या उमेदवाराला जे पैसे भरून शिकावे लागते, ते यांना अर्धेअधिक फुकट मिळालेले असते. राहिलेले अर्धे, म्हणजे लिहिणे आणि वाचणे, वर्ष-दीड वर्षाच्या नेमाने साधते. सीमेच्या दोन्ही बाजूंना माल विकणारी, कर्ज देणारी, रुग्ण तपासणारी संस्था ज्या माणसाच्या शोधात असते, तो दोन्हीकडे बोलू शकणारा माणूस याच गावांत आहे. आपल्या माहितीच्या पानावर ही गोष्ट सर्वांत वर लिहावी. तोच आमच्या मुलांचा स्वतःचा घोडा आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी मेळाव्याहून परतली की 'लागली का नोकरी?' हा एकच प्रश्न विचारू नये. कोणाकोणाशी बोललास, काय कळले, आणखी काय शिकावे लागेल, असे विचारावे. पहिल्याच फेरीत काम मिळाले तर आनंदच. पण न मिळाले तरी कोणत्या कामाला काय लागते हे कळून आलेले मूल रिकाम्या हाती आलेले नसते. आणि शिक्षकांनी, ज्यांत मीही आहे, मुलांना मांडवाच्या दारापर्यंत पोहोचवून थांबू नये. महाविद्यालयात जाण्याच्या कितीतरी आधी, आठवी-नववीतच, त्यांना धीटपणे प्रश्न विचारण्याची आणि उत्तरे टिपण्याची सवय लावावी. पुढच्या मेळाव्याला अद्याप काही महिने अवकाश आहे. प्रमाणपत्र काढावयास, एक पान नीट लिहावयास आणि कन्नड बाराखडी पक्की करावयास तेवढा वेळ पुरेसा आहे.